व्हेजिटेटिव्ह अवस्थेतील रुग्णाचे पुनर्वसन: नातेवाईक वारंवार विचारतात ते प्रश्न आणि डॉक्टरांची मते

डोक्याला जबर मार लागलेला, हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेला किंवा मोठ्या पक्षाघातातून वाचलेला रुग्ण आयसीयूतून बाहेर येतो, व्हेंटिलेटर सुटतो, डोळेही उघडतात. पण तो कोणाला ओळखत नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ असे दोन शब्द असतात आणि त्याखाली ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी’ एवढीच सूचना असते. पुनर्वसनाच्या आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणारी कुटुंबे हा कागद पुढे करून जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. जिथे डॉक्टरांचे एकमत आहे तिथे तसे सांगितले आहे आणि जिथे नाही तिथे मतभेद झाकलेले नाहीत.

डोळे उघडले, म्हणजे कोमातून बाहेर आले ना?

कोमातून बाहेर आले, हे खरे. शुद्धीवर आले, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. जागे असणे आणि जाणीव असणे या मेंदूच्या दोन वेगळ्या कामगिऱ्या आहेत. झोप आणि जाग यांचे चक्र, श्वास, रक्तदाब, शरीराचे तापमान हे सारे मेंदूचे खोड (मज्जारज्जूला जोडणारा मेंदूचा तळ) आणि त्यालगतचा भाग सांभाळतो. आजूबाजूचे आणि स्वतःचे भान मात्र मेंदूचे बाह्यक (वरचा थर), खोलवरचा थॅलॅमस हा भाग आणि या दोहोंना जोडणाऱ्या तंतूंच्या जाळ्यावर अवलंबून असते. खोड शाबूत राहिले आणि हे जाळे तुटले की रुग्ण सकाळी डोळे उघडतो, रात्री मिटतो, जांभई देतो, कण्हतो. पण त्याला सांगितलेले समजल्याची कोणतीही खूण दिसत नाही. ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या दोन डॉक्टरांनी १९७२ साली या अवस्थेला ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ हे नाव दिले. ‘व्हेजिटेटिव्ह’ या शब्दातून माणसाला भाजीपाल्याच्या पंक्तीला बसवल्याचा भास होतो, अशी तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली. म्हणून युरोपातील तज्ज्ञांच्या एका गटाने २०१० मध्ये ‘अनरिस्पॉन्सिव्ह वेकफुलनेस सिंड्रोम’, म्हणजे प्रतिसादाविना जागेपण, हे नाव सुचवले. ते नाव अधिक प्रामाणिक आहे, कारण डॉक्टरला खाटेपाशी जे दिसते तेवढेच ते सांगते. आपल्याकडच्या कागदांवर अजून जुनेच नाव चालते, म्हणून येथेही तेच ठेवले आहे.

हे ब्रेन डेड आहे का?

नाही. मेंदूमृत रुग्णाच्या मेंदूचे खोडही थांबलेले असते, तो स्वतः श्वास घेऊ शकत नाही आणि कायद्याने तो मृत मानला जातो. व्हेजिटेटिव्ह अवस्थेतील रुग्ण जिवंत आहे. ‘आता अवयवदान करायचे का?’ असे विचारणारे नातेवाईक या दोन शब्दांच्या गोंधळात सापडलेले असतात, आणि हा गोंधळ पहिल्याच दिवशी दूर करणे हे डॉक्टरांचे काम आहे.

बाबांनी माझा हात दाबला, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. डॉक्टर म्हणतात, हे आपोआप होते. कोणाचे खरे?

या प्रश्नावर खाटेशेजारी जेवढी भांडणे होतात तेवढी दुसऱ्या कशावरूनही होत नसतील. तळहातावर काही टेकले की बोटे मिटणे हा पकडीचा प्रतिक्षेप असून तो नवजात बाळातही दिसतो. डोळ्यांतून पाणी येणे, चेहरा वेडावाकडा होणे, दात खाणे, मोठा आवाज झाल्यावर दचकणे, हे सारे जाणिवेशिवाय घडू शकते. त्यामुळे डॉक्टरांची शंका रास्त असते. पण कुटुंबाला जे दिसले ते झटकून टाकणे हीही चूकच, कारण दिवसाचे चौदा तास खाटेशी बसणाऱ्या माणसाला जे दिसते, ते पाच मिनिटांच्या राउंडमध्ये दिसत नाही.

यावर उपाय एकच, तो म्हणजे तपासून पाहणे. एका मुलीने वडिलांबद्दल नेमके हेच सांगितले होते. आम्ही तिला हातात हात न धरता, वडिलांच्या मुठीला स्पर्श न करता, फक्त तोंडाने सांगायला लावले: ‘बाबा, अंगठा वर करा.’ दहा सेकंद थांबायचे, पुन्हा सांगायचे, असे चार वेळा. मध्येच काहीही न सांगता तेवढाच वेळ नुसते पाहायचे, म्हणजे अंगठा आपल्याआप हलतो का तेही कळते. पहिल्या दिवशी काहीच घडले नाही. मग तिच्या पर्समधला लहान आरसा घेऊन वडिलांच्या चेहऱ्यासमोर धरला आणि सावकाश डावीकडे नेला. त्यांची नजर आरशामागे गेली. पेनामागे किंवा टॉर्चमागे ती गेली नव्हती. स्वतःच्या चेहऱ्याचे प्रतिबिंब नजरेला इतर कोणत्याही वस्तूपेक्षा जास्त ओढते, हे अभ्यासांतून दिसले आहे आणि म्हणूनच या तपासणीत आरसा वापरतात. नजरेने पाठलाग करणे ही बहुधा सर्वांत आधी परतणारी खूण असते. त्या दिवसापासून त्या रुग्णाचे निदान ‘किमान जाणीव अवस्था’, म्हणजे थोडे भान असलेली अवस्था, असे बदलले. हात दाबण्याबाबत मुलगी चुकली होती. वडील ‘तिथे’ आहेत, याबाबत चुकली नव्हती.

म्हणजे निदान चुकू शकते?

हो, आणि तेही लाजिरवाण्या प्रमाणात. लंडनच्या पुटनी भागातील एका पुनर्वसन रुग्णालयाने १९९६ मध्ये असे दाखवले की व्हेजिटेटिव्ह म्हणून पाठवलेल्या ४० रुग्णांपैकी ४३ टक्क्यांचे निदान चुकीचे होते. २००९ मध्ये बेल्जियमच्या गटाने प्रमाणित मापनपद्धती वापरून पुन्हा मोजले, तेव्हाही चुकीचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपासच निघाले. या दोन अभ्यासांच्या मधल्या काळात, २००२ साली, ‘किमान जाणीव अवस्था’ हे वेगळे निदान निश्चित झाले होते. त्यात रुग्णाला भान असते, पण ते येते आणि जाते. सकाळी आज्ञा पाळणारा रुग्ण दुपारी दगडासारखा पडून राहतो.

म्हणूनच आज मान्यता असलेली पद्धत ‘कोमा रिकव्हरी स्केल–रिव्हाइज्ड’ ही आहे. त्यात ऐकणे, पाहणे, हालचाल, तोंडाच्या क्रिया, संवाद आणि जागेपणा अशा सहा भागांत २३ पायऱ्या तपासतात आणि गुण ० ते २३ असतात. एकदा तपासून भागत नाही. दोन आठवड्यांत कमीत कमी पाच वेळा, वेगवेगळ्या प्रहरी तपासावे, असे आता मानले जाते. मोठ्या शहरांबाहेर हे फारसे होत नाही. त्यामागे वेळेची टंचाई आहे, तशी सवयीची उणीवही आहे.

चुकीची कारणे पुष्कळदा अगदी साधी असतात. फिट येऊ नये म्हणून सुरू केलेली गुंगीची औषधे कोणी कमी केलेली नसतात. ताप असतो, रक्तातील सोडियम घसरलेले असते. कवटीच्या शस्त्रक्रियेनंतर मेंदूत पाणी साठलेले असते. अपघातात चष्मा फुटलेला असतो आणि नवा कोणी घातलेला नसतो. आणि भाषा! धुळ्याकडच्या, जन्मभर अहिराणी बोललेल्या आजींना शहरातला निवासी डॉक्टर हिंदीतून ‘हाथ उठाओ’ सांगतो आणि कागदावर लिहितो की रुग्ण आज्ञा पाळत नाही. आज्ञा रुग्णाच्या घरच्या बोलीत, घरच्या माणसाच्या आवाजात द्यावी, याविषयी आमच्या क्षेत्रात तरी दुमत नाही.

एक अपवाद आवर्जून सांगायला हवा. ‘लॉक्ड-इन’ अवस्थेत रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, पण मेंदूच्या खोडातील इजेमुळे डोळे वरखाली करणे आणि पापण्या मिटणे एवढेच त्याच्या ताब्यात उरते. म्हणून ‘वर बघा’, ‘दोनदा डोळे मिटा’ या आज्ञा प्रत्येक रुग्णाला दिल्याच पाहिजेत.

एमआरआय किंवा ईईजीने जाणीव आहे की नाही हे कळत नाही का?

साध्या एमआरआयने इजा कुठे आणि किती झाली हे कळते. जाणीव दिसत नाही. मात्र २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेजिटेटिव्ह मानलेल्या एका २३ वर्षांच्या तरुणीला फंक्शनल एमआरआयच्या, म्हणजे मेंदूचा कोणता भाग काम करतो ते दाखवणाऱ्या, यंत्रात ठेवून ‘टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा’ असे सांगितले, तेव्हा तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखीच हालचाल दिसली. २०२४ मध्ये अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात, खाटेशी कोणतीही आज्ञा न पाळणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांनी, म्हणजे चारांतील एकाने, फंक्शनल एमआरआय किंवा ईईजीवर (मेंदूतील विद्युतलहरींच्या नोंदीत) आज्ञेला मनातल्या मनात प्रतिसाद दिला. शरीर हलत नाही, पण आत कोणीतरी ऐकत आहे, अशा या अवस्थेने डॉक्टरांची भाषा बदलली आहे. तरीही ही तपासणी रोजच्या वापरातली नाही, ती करणारी केंद्रे मोजकी आहेत आणि प्रतिसाद दिसला नाही म्हणून जाणीव नाहीच, असे सिद्ध होत नाही. तिच्यासाठी घर गहाण टाकू नये. जो धडा घ्यायचा तो फुकट आहे: खाटेशी बोलताना रुग्ण ऐकत आहे असे धरूनच बोलावे.

जो सांगितलेले करत नाही, त्याचे पुनर्वसन म्हणजे नेमके काय करायचे?

‘फिजिओवाला येतो आणि वीस मिनिटे हातपाय हलवून जातो’ एवढीच पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची नसली, तरी फार अपुरी आहे. या रुग्णांच्या पुनर्वसनात तीन कामे एकाच वेळी चालतात.

पहिले काम शरीर राखून ठेवण्याचे. जाणीव परतेल की नाही हे आपल्या हातात नाही. पण ती परतेपर्यंत घोटे खाली वाकून घट्ट झाले, कोपर छातीशी चिकटले, माकडहाडावर हाडापर्यंत जखम झाली, तर शुद्धीवर आलेला माणूस खुर्चीतही बसू शकणार नाही. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे, सांधे पूर्ण कक्षेत फिरवणे, पावलांना आणि मनगटांना स्प्लिंट लावणे, ताठरपणासाठी बॅक्लोफेन किंवा निवडक स्नायूंत बोट्युलिनमची इंजेक्शने देणे, श्वासासाठी गळ्यात घातलेली ट्रॅकिओस्टोमीची नळी बंद करता येईल का हे टप्प्याटप्प्याने पाहणे, वजन आणि पोषण सांभाळणे, हे सर्व आले.

दुसरे काम जागेपण वाढवण्याचे. टिल्ट टेबलवर पट्ट्यांनी बांधून रुग्णाला हळूहळू उभे केले की रक्तदाबाची सवय होते, फुप्फुसांचा तळ उघडतो, आणि आडवा असताना अर्धवट झापड असलेला रुग्ण उभा केल्यावर टक्क डोळे उघडतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. गुंगीची औषधे कमी करणे, रात्री अंधार आणि दिवसा उजेड राखणे, हेही याच कामाचा भाग आहे. कित्येकदा पुनर्वसनातला सर्वांत परिणामकारक उपचार म्हणजे औषधाच्या यादीवर मारलेली काट असते.

तिसरे काम म्हणजे निदान खरे ठेवणे. वर सांगितलेली तपासणी ही पुनर्वसनाच्या आधी एकदा उरकायची गोष्ट नव्हे, ती दर आठवड्याला चालू राहते.

सुरुवात केव्हा करावी? घरी गेल्यावर, थोडी ताकद आल्यावर?

आयसीयूतच, रक्तदाब आणि मेंदूवरचा दाब स्थिर होताच. आखडलेला सांधा काही आठवड्यांत घट्ट होतो आणि तो सोडवायला महिने लागतात, कधी शस्त्रक्रियाही. ‘ताकद येऊ द्या, मग बघू’ या सल्ल्याने जेवढे नुकसान केले आहे, तेवढे मूळ अपघाताने केले नसेल, असे काही रुग्णांकडे पाहून वाटते.

एक डॉक्टर म्हणतात आशा सोडा, दुसरे म्हणतात सहा महिने थेरपी घ्या. डॉक्टरांचेच एकमत का नाही?

कारण प्रत्येकाला या आजाराचा वेगवेगळा तुकडा दिसतो. न्यूरोसर्जन आणि अतिदक्षता तज्ज्ञ रुग्णाला पहिल्या तीन-चार आठवड्यांत पाहतात. तेव्हाचे चित्र सर्वांत वाईट असते आणि त्यानंतर रुग्ण त्यांच्या नजरेआड होतो. पुनर्वसन तज्ज्ञाकडे जे पोहोचतात ते तगलेले असतात, त्यामुळे त्याची नजर नकळत आशेकडे झुकते. घरी जाणाऱ्या फॅमिली डॉक्टरला कुटुंबाची कर्जे दिसतात. तिघेही खोटे बोलत नसतात.

एके काळी भाकिताची रेषा ठळक होती. १९९४ मध्ये अमेरिकेतील पाच वैद्यकीय संघटनांच्या कृतिगटाने ठरवले की मारामुळे झालेली अवस्था १२ महिन्यांनंतर आणि इतर कारणांनी झालेली ३ महिन्यांनंतर ‘कायमची’ मानावी. पुढे उशिरा सुधारलेले रुग्ण नोंदवले जाऊ लागले. इटलीतील एका गटाने दीर्घकाळ व्हेजिटेटिव्ह राहिलेल्या ५० रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्यांतील सुमारे पाचातील एकाने या मुदतीनंतरही प्रतिसाद दिला. मात्र ते सर्व तीव्र अपंगत्वासहच जगत होते. २०१८ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने मार्गदर्शक सूचना बदलून ‘कायमची’ या शब्दाऐवजी ‘दीर्घकालीन’ हा शब्द घेतला. त्याच सूचनांनी असेही बजावले की पहिल्या २८ दिवसांत कुटुंबाला ‘यातून कोणीच सुधारत नाही’ अशा अर्थाचे काही सांगू नये. आपल्याकडे मात्र हे वाक्य तिसऱ्या दिवशीच लिफ्टजवळ उभ्याउभ्या सांगितले जाते.

दुसऱ्या बाजूने, पुनर्वसनामुळेच जाणीव परतते असा ठाम पुरावाही नाही, हे आम्हा पुनर्वसनवाल्यांनी मान्य करायला हवे. मारानंतर पहिल्या महिन्यांत मेंदू आपल्याआपही सुधारत असतो आणि त्याचे श्रेय थेरपीला लाटणे सोपे असते. पुनर्वसनाने गुंतागुंत कमी होते, निदान नेमके होते आणि परतलेली जाणीव वापरता येईल असे शरीर हाती राहते, एवढे खात्रीने म्हणता येते. माझ्या मते मर्यादित मुदतीचा, लेखी उद्दिष्टांचा प्रयोग हा प्रामाणिक मार्ग आहे: आठ ते बारा आठवडे नीट उपचार, दर आठवड्याचे गुण, आणि मुदतीअखेर कुटुंबासोबत बैठक. ‘बघू या’ म्हणत वर्षभर बिले काढणे आणि पहिल्याच आठवड्यात हात वर करणे, हे दोन्ही सोपे मार्ग आहेत.

सुधारणेची शक्यता आकड्यांत सांगाल का?

१९९४ च्या त्याच कृतिगटाचे आकडे अजूनही सर्वाधिक वापरले जातात. मारामुळे महिनाभर व्हेजिटेटिव्ह असलेल्या प्रौढांपैकी ५२ टक्के वर्षाच्या आत शुद्धीवर आले. प्राणवायू तुटल्यामुळे किंवा इतर कारणांनी या अवस्थेत गेलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. शुद्धीवर येणे म्हणजे पूर्ववत होणे नव्हे. वर्षअखेर चांगली सुधारणा मारवाल्या गटात ७ टक्क्यांत, तर दुसऱ्या गटात जेमतेम १ टक्क्यात दिसली.

फरक इतका का? मार लागल्यावर मेंदूचे तंतू ठिकठिकाणी ताणले आणि तुटले जातात, पण पेशी बऱ्याच अंशी टिकून असतात. हृदय थांबल्यावर, गळफासात, बुडाल्यावर किंवा मण्यारीसारख्या सापाच्या विषाने श्वास बंद पडून दवाखान्यात पोहोचायला उशीर झाल्यावर बाह्यकातील पेशीच सर्वदूर मरतात. म्हणून हेल्मेटविना दुचाकीवरून पडलेला पंचविशीतला तरुण आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे साठीचे गृहस्थ शेजारशेजारच्या खाटांवर सारखेच दिसत असले, तरी त्यांच्या कुटुंबांना सारखेच उत्तर देता येत नाही.

कानाशी भजने लावली, अत्तर हुंगवले, नातवंडांचे आवाज ऐकवले तर उपयोग होतो का?

ओळखीच्या माणसांनी ओळखीच्या गोष्टी सांगितलेल्या ध्वनिफिती ऐकवल्याने प्रतिसाद सुधारल्याचे लहान अभ्यास आहेत, पण पुरावा भक्कम नाही. अपायही नाही, फक्त पथ्य हवे. दिवसभर मोबाइलवर अभंग चालू ठेवला की तो पंख्याच्या आवाजासारखा पार्श्वभूमीत जातो. दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटे, एका वेळी एकाच माणसाने बोलावे, मग शांतता. नावाने हाक मारावी, तीही घरातल्या नावाने. आधार कार्डावरच्या नावाने आईला कोणीच हाक मारलेली नसते.

औषधे, विजेचे झटके, स्टेम सेल यांबद्दल काय?

औषधांत पुरावा एकाच गोळीच्या बाजूने बरा आहे. अमँटाडीन ही पार्किन्सनसाठी वापरली जाणारी जुनी गोळी आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोक्याला मार लागून ४ ते १६ आठवडे झालेल्या १८४ रुग्णांपैकी ज्यांना ती मिळाली, त्यांची सुधारणा औषध चालू असताना अधिक वेगाने झाली. चार आठवड्यांनी ती थांबवल्यावर वेग मंदावला. त्यामुळे २०१८ च्या सूचनांत तिची शिफारस आहे, पण ती फक्त मारामुळे झालेल्या अवस्थेसाठी. फिट येणाऱ्या आणि मूत्रपिंड कमकुवत असलेल्या रुग्णांत ती जपून द्यावी लागते. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीने क्वचित एखादा रुग्ण उलट जागा होतो. शंभरात जेमतेम पाच. कपाळावरून सौम्य विद्युतप्रवाह देण्याच्या पद्धतीने बेल्जियममधील लिएजच्या अभ्यासात किमान जाणीव अवस्थेतल्या काही रुग्णांना फायदा झाला, व्हेजिटेटिव्ह रुग्णांना झाल्याचे दिसले नाही.

स्टेम सेलबाबत थोडक्यात: या अवस्थेत त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. जाहिरातीत ‘आधी’ आणि ‘नंतर’चे व्हिडिओ दाखवले जातात तेव्हा पाहा, बहुतेक रुग्ण माराचे आणि पहिल्या वर्षातले असतात. त्यांच्यातले कित्येक तसेही सुधारले असते.

त्यांना वेदना होत असतील का?

शास्त्रीयदृष्ट्या, खऱ्या व्हेजिटेटिव्ह अवस्थेत वेदनेचा संदेश मेंदूत पोहोचतो, पण तिची जाणीव होण्यासाठी लागणारे जाळे काम करत नाही. मात्र निदान इतक्या वेळा चुकत असताना या वाक्यावर विसंबून राहणे मला योग्य वाटत नाही. सांधे हलवण्यापूर्वी, जखम धुण्यापूर्वी वेदनाशामक द्यावे. अचानक दरदरून घाम, नाडी १३०–१४०, अंग ताठ होणे असे झटके येत असतील, तर आधी भरलेले मूत्राशय, अडकलेला मळ, वळलेले नख, खाट टोचणे असे कारण शोधावे. ते सापडले नाही, तर मेंदूच्या इजेनंतर नाडी आणि घाम सांभाळणारी स्वयंचलित मज्जासंस्था बेफाम होण्याचा प्रकार असू शकतो. त्यावर प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे आहेत.

घरी नेल्यावर सर्वांत महत्त्वाचे काय?

कूस, तोंड आणि अन्न. हवेची गादी घेतली म्हणून कूस बदलणे सुटत नाही. भिंतीवर वेळापत्रक लावून प्रत्येक वेळी सही करावी. तोंड दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ करावे, कारण न्यूमोनियाची सुरुवात अनेकदा अस्वच्छ तोंडातून होते. नळीने भरवताना डोके किमान ३० अंश वर आणि भरवून झाल्यावर अर्धा ते एक तास तसेच. भाताची पेज आणि डाळीचे पाणी यांवर माणूस जगत नाही, तो वाळतो. दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि पुरेशी प्रथिने हवीत; घरचेच अन्न मिक्सरमधून काढून, गाळून, आहारतज्ज्ञाकडून मोजून घ्यावे. नाकातली नळी दीर्घकाळ लागणार असेल, तर पोटातून थेट जठरात घालायच्या पेग नळीचा विचार करावा. लघवीच्या कायमच्या नळीपेक्षा पुरुषांत काँडोम कॅथेटर बरा.

शुश्रूषेने काय साधते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. अरुणा शानबाग या मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर तेथेच हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू होईपर्यंत त्या याच अवस्थेत त्याच रुग्णालयात होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्यांना तपासले, तेव्हा ३७ वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर एकही बेडसोअर नव्हता. ती केईएमच्या परिचारिकांची, पिढ्यान् पिढ्या हाती दिलेली कमाई होती. सांधे मात्र आखडलेले होते. त्या काळात या रुग्णांच्या पुनर्वसनाचा विचार आजच्यासारखा झालेलाच नव्हता.

काळजी घेणाऱ्या माणसाची पाठ, झोप आणि साखर यांकडेही लक्ष द्यावे लागते. बहुतेक घरांत ही व्यक्ती म्हणजे पत्नी, आई किंवा सून असते, आणि तपासायला आलो की ती दारात उभी राहून फक्त रुग्णाबद्दलच बोलते.

उपचार थांबवण्याचा निर्णय कधी आणि कोण घेऊ शकते?

७ मार्च २०११ रोजी अरुणा शानबाग यांच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याची याचिका फेटाळली, पण ठरावीक अटींवर जीवरक्षक उपचार काढून घेण्यास तत्त्वतः मान्यता दिली. ९ मार्च २०१८ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे पुढे बोलता आले नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेले लिव्हिंग विल, कायदेशीर ठरवले. ती प्रक्रिया इतकी किचकट होती की जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी करावी लागली: लिव्हिंग विलवर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे, आणि रुग्णालयातील प्राथमिक व दुय्यम अशा दोन वैद्यकीय मंडळांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यावे.

थेरपीचा प्रश्न वेगळा आहे. टिल्ट टेबल किंवा स्पीच थेरपी थांबवायला कोणत्याही मंडळाची गरज नसते; उद्दिष्टे गाठली नाहीत तर सक्रिय थेरपीवरून देखभालीवर यावे, हा वैद्यकीय निर्णय आहे. न्यूमोनिया झाला तर पुन्हा आयसीयू का, हृदय थांबले तर छाती दाबायची का, याची चर्चा मात्र संकटाच्या रात्री न करता त्याआधीच व्हावी. नळीवाटे दिलेले अन्न हे उपचार मानायचे की निव्वळ शुश्रूषा, यावर डॉक्टरांत खोल मतभेद आहेत, आणि ते केवळ वैद्यकीय नाहीत.

बँक खाते त्यांच्या नावावर आहे. पैसे कसे काढायचे?

या अवस्थेतील प्रौढाचा पालक नेमण्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. उच्च न्यायालये राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील अधिकार वापरून पती किंवा पत्नीला पालक नेमतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये असा आदेश दिला आहे. वकिलाकडे जाताना ताजे वैद्यकीय प्रमाणपत्र न्यावे. कोऱ्या धनादेशावर रुग्णाचा अंगठा घेण्याचा सल्ला देणारे भेटतील. त्यांचे ऐकू नये.

तपासणीला येताना काय आणावे?

डिस्चार्ज कार्ड, सीटी आणि एमआरआयच्या सीडी, चालू औषधांची यादी आणि शक्य असल्यास औषधांच्या रिकाम्या पट्ट्या. रुग्णाचा चष्मा आणि श्रवणयंत्र. एक वही, जिच्यात तारीख, वेळ, काय सांगितले आणि काय दिसले हे लिहिलेले असेल. काही दिसले नाही तेही. मोबाइलवर काढलेले व्हिडिओ, पण त्यात रुग्णाला स्पर्श करणारा हात नसावा आणि सांगणाऱ्याचा आवाज स्पष्ट असावा. रुग्णाला सकाळी कोणत्या वेळी जास्त जाग असते ते आधी फोनवर कळवावे, म्हणजे तीच वेळ देता येते. आणि त्याच्याशी घरात जो सर्वांत जास्त भांडायचा, त्या माणसालाही सोबत आणावे. पुष्कळदा नजर सर्वांत आधी त्याच्याकडेच वळते.